स्कूटर बंद झाल्यावर आईबाबांनी फिरायचं कसं? बस, मेट्रो, एसटी आणि रिक्षाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली. आई ६८ वर्षांच्या. घर पुण्यात सिंहगड रस्त्यावर, मुलगी बंगळूरला. मुलीने बाबांच्या फोनवर कॅबचं अ‍ॅप टाकून दिलं, पैसेही भरून ठेवले, तरी चार महिन्यांत बाबा दवाखान्याखेरीज कुठेही गेले नाहीत. गाव साताऱ्याजवळ, तिथली महिन्याची फेरीही थांबली. या वयात बस, मेट्रो, एसटी यातलं काय जमेल आणि सुरुवात कुठून करावी?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या, अर्धांगातून उठलेल्या, नजर कमी झालेल्या माणसांना पुन्हा घराबाहेर काढणं हे माझं काम, आणि त्यातला मोठा भाग बसमध्ये चढायला-उतरायला शिकवण्यात जातो. तुमच्या बाबांना यातलं बहुतेक सगळं जमेल असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. पण एकदम सगळं नको. एक ठिकाण, एक मार्ग, तो अंगवळणी पडला की दुसरा.

सवलतींपासून सुरुवात करू नका. ज्येष्ठांच्या प्रवासाचा विषय निघाला की सगळे आधी सवलतींबद्दल बोलतात. त्या महत्त्वाच्या आहेतच, पुढे सांगते. पण तिकीट महाग आहे म्हणून घरी बसलेला माणूस मला क्वचित भेटतो. घरी बसण्याची कारणं वेगळी असतात: थांब्यापर्यंत फुटपाथ नाही, बसचा नंबर दिसत नाही, पायरी उंच आहे, उतरायच्या आत गाडी सुटेल अशी धास्ती वाटते, वाटेत लघवीला कुठे जायचं ते माहीत नाही. यातली एक गोष्ट अडली तरी अख्खा प्रवास अडतो. कॅब यातल्या बऱ्याच गोष्टी सोडवते हे खरं. पण दर वेळी फोन काढा, ओटीपी सांगा, ड्रायव्हरला गल्ली समजावा, आणि भाजीच्या पिशवीसाठी शंभर-दीडशे रुपये मोजा. ज्यांनी आयुष्यभर किल्ली फिरवली की निघाले, त्यांना हे परक्याच्या परवानगीने बाहेर पडल्यासारखं वाटतं. बाबा अ‍ॅप शिकत नाहीत असं नसेल. त्यांना ते वापरावंसं वाटत नसेल.

म्हणून आधी त्यांच्याशी बसून स्कूटर कुठे कुठे जायची ते विचारा. दवाखाना बाजूला ठेवा. दवाखान्यात न्यायला कुणी ना कुणी मिळतं, आणि नाही मिळालं तर तिथे कॅबच करावी. तुटतं ते बाकीचं: मंडई, वाचनालय, बँकेतली ओळख, संध्याकाळचा कट्टा, शनिवारचा मारुती. त्यातलं जे ठिकाण त्यांना स्वतःला सर्वांत जास्त हवंय ते निवडा आणि तिथलाच मार्ग पहिला बसवा. मुलांना सोयीचं वाटतं ते ठिकाण निवडलं की हा सराव आठवडाभरात बारगळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि आई? तुमच्या प्रश्नात त्या फक्त वयापुरत्या आल्या आहेत. स्कूटर गेली तेव्हा त्यांचंही वाहन गेलं, कारण मागची सीट त्यांची होती. स्वतः कधी गाडी न चालवलेल्या या बायका कुणाच्याच हिशेबात नसतात. त्यांनी गाडी 'सोडलेली' नसते, त्यामुळे त्यांचं काही अडलं असेल असं कुणाला वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका चाळीस-एक वर्षं यजमानांच्या मागे बसून फिरल्या होत्या. ते गेल्यावर वर्षभर त्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एकट्या गेल्या नव्हत्या. पायांना काही झालेलं नव्हतं. कोणत्या बाजूच्या थांब्यावर उभं राहायचं एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि एवढी साधी गोष्ट कुणाला विचारायची म्हणून लाज वाटत होती. पहिल्या दिवशी आम्ही फक्त पुढच्या थांब्यापर्यंत गेलो, उतरलो, रस्ता ओलांडला आणि परतीची बस धरली. दुसऱ्या खेपेला मी मागच्या सीटवर अनोळखी माणसासारखी बसले. पुढे त्या एकट्या दादरपर्यंत बहिणीकडे जाऊन आल्या. तेव्हा सराव आईबाबांना एकत्र करू द्या, पण दोघांनाही एकट्याने जाता येईपर्यंत तो थांबवू नका. एकमेकांच्या आधाराने निघायची सवय लागली की एक आजारी पडला, की दोघं घरात.

आता शरीराचं. बस सुरू करण्याआधी घरी एक तपासणी करून घ्या. हात असलेल्या साध्या खुर्चीत बसायचं, उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चपला-बुटात, नेहमीच्या चालीने. याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका जास्त समजतात. मग आधी महिनाभर फिजिओथेरपी, नंतर बस. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर झोपल्यावर आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळचं बीपी डॉक्टरांकडून मोजून घ्या. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणारा माणूस बसमध्ये थांब्याआधी उठून उभा राहिला तर पडतोच.

खरी परीक्षा पहिल्या पायरीची. केंद्र सरकारने शहरी बसगाड्यांसाठी जे निकष ठरवले, त्यात गाडीच्या तळाची उंची तीन प्रकारची आहे: ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर आणि ९०० मिलिमीटर. आपल्या जिन्याची पायरी साधारण सहा-सात इंचांची असते. ४०० मिलिमीटर म्हणजे जवळपास सोळा इंच. म्हणजे जिला आपण 'खालच्या तळाची बस' म्हणून चांगली म्हणतो तिच्यातही रस्त्यावरून चढायचं तर पाय सोळा इंच उचलावा लागतो. फुटपाथच्या कडेवर उभं राहून चढलं की तीच उंची नऊ-दहा इंचांवर येते, आणि तेवढी बहुतेकांना झेपते. इथेच आपली सवय नडते. बस आली की आपण सगळे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतो, मग चालकही गाडी कडेला लावत नाही. बाबांना सांगा, कडेवरच उभे राहा, हात करा, गाडी कडेला येईपर्यंत खाली उतरू नका. गाडी लांब उभी राहिली आणि पाय पोचत नसेल तर ती सोडून द्या. पुढची येईल. 'गाडी सोडून देणं' हेसुद्धा मी सरावात मुद्दाम करून घेते, कारण वयस्कर माणसं पडतात ती बहुधा घाईत.

चढताना चांगला पाय आधी वर. उतरताना दुखरा पाय आधी खाली. हे घरच्या जिन्यावर रोज करा, म्हणजे दारात विचार करावा लागत नाही. हाताने दाराची दांडी धरायची, कुणाचा हात नाही. मदत करणारे लोक प्रेमाने दंड किंवा बखोट धरून वर ओढतात आणि त्यात खांदा दुखावतो. मदत हवी तर आपण त्यांना सांगायचं, "पाठीमागे उभे राहा, मी चढतो." हातात पिशवी नको. खांद्यावरून तिरकी घालायची झोळी घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे. काठी असेल तर तिला दोरीचा फास लावून मनगटात अडकवा. आत गेल्यावर आधी बसायचं, पैसे नंतर काढायचे. कंडक्टर जागेवर येतो. आणि थांबा आल्यावर गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. मग वेळ कसा मिळेल, असं सगळेच विचारतात. तिकीट काढतानाच कंडक्टरला सांगून ठेवायचं: "मला उतरायला वेळ लागतो, मी खाली उतरल्याशिवाय डबल बेल देऊ नका." बहुतेक कंडक्टर हे ऐकतात. उतरताना पुन्हा एकदा मोठ्याने 'उतरतोय' म्हणायचं. संकोच वाटला तरी म्हणायचं.

काचबिंदूचं थोडं वेगळं आहे. त्यात बाजूची नजर आक्रसते. समोरचा पेपर वाचता येतो, पण उजवीकडून येणारी दुचाकी दिसत नाही. त्यामुळे बाबांसाठी बसपेक्षा थांब्यावर पोचायला ओलांडावा लागणारा रस्ता जास्त धोक्याचा आहे. घराच्या बाजूचा थांबा आणि समोरचा थांबा यात फरक करा. जाताना रस्ता ओलांडावा लागत नसेल तर बसने जा आणि परतताना रिक्षाने थेट फाटकापर्यंत या. असा मिश्र प्रवास करण्यात काही कमीपणा नाही. ओलांडावाच लागला तर सिग्नल जिथे आहे तिथवर चालत जाणं पत्करा. संध्याकाळी उजेड कमी होतो तेव्हा त्यांना पायरीची कड कळणार नाही, म्हणून सुरुवातीला अकरा ते चारच्या दरम्यानच निघा. त्या वेळेत गर्दीही कमी असते. बसच्या पाटीवरचा नंबर दिसला नाही तर शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरापोरींना विचारायचं. पुण्याच्या शहर बससेवेच्या, म्हणजे पीएमपीएमएलच्या, 'आपली पीएमपीएमएल' अ‍ॅपवर गाडी कुठवर आली ते दिसतं, पण थांब्यावर उभं राहून फोनमध्ये मान घालणं बाबांच्या नजरेला बरं नाही. ते काम तुम्ही बंगळूरहून करू शकता किंवा आईंना शिकवू शकता.

पुण्यातला मार्ग मी तुमच्या जागी असते तर असा आखला असता. सिंहगड रस्त्यावरून स्वारगेटची बस. स्वारगेटला भूमिगत मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. स्वारगेटच्या पुढचंच स्थानक मंडई, त्यापुढे कसबा पेठ, मग जिल्हा न्यायालय. बाबांना मंडई हवी असेल तर हा पहिला मार्ग म्हणून फार चांगला आहे: एक बस, मेट्रोचं एक स्थानक. मेट्रोची मोठी सोय अशी की फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीवर येते. पाय उचलावाच लागत नाही, दार सगळ्यांसाठी सारखं उघडतं, पुढचं स्थानक मराठीत पुकारलं जातं. नजर कमी असलेल्याला आणि गुडघे दुखणाऱ्याला याहून सोपं वाहन शहरात नाही. अडचण डब्यात नाही, वर रस्त्यापासून लिफ्टपर्यंत आहे. प्रत्येक प्रवेशद्वाराला लिफ्ट असेलच असं धरून चालू नका. पहिल्यांदा तुम्ही किंवा आईंनी जाऊन लिफ्टचं दार नेमकं कोणत्या बाजूला उघडतं ते बघून या आणि बाबांना खुणेने सांगा: अमक्या दुकानासमोर. सरकत्या जिन्यावर त्यांना नेऊ नका. काचबिंदूत पायऱ्यांच्या कडा वेगळ्या दिसत नाहीत आणि सरकणाऱ्या तर नाहीतच. जिल्हा न्यायालय स्थानकात वनाज–रामवाडी मार्गावर बदलता येतं, पण ते भूमिगत स्थानक जमिनीखाली तेहतीसेक मीटर खोल आहे आणि बदलायची चाल लांब आहे. डेक्कनला जायचं असेल तर हा बदल दुसऱ्या महिन्यासाठी ठेवा.

पीएमपीएमएलचा ज्येष्ठांसाठी मासिक पास आहे. आठवड्यातून तीन-चारदा जाणं होऊ लागलं की तो काढा, आधी नाही. आधारकार्ड आणि फोटो घेऊन पास केंद्रावर जा. दर बदलत असतात, तिथे लावलेला चालू दर बघा. पासचा फायदा पैशांपुरता नाही. सुटे पैसे शोधण्याची धांदल संपते, आणि पास खिशात असला की माणूस उगाच दोन थांबे जाऊन येतो. ते 'उगाच' मला औषधासारखं वाटतं.

आता गाव. एसटीच्या बाबतीत तुमच्या आईबाबांचा काळ चांगला आहे. ऑगस्ट २०२२ पासून 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजनेत ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांतून मोफत प्रवास आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या महिलांनाही निम्मं तिकीट आहे. म्हणजे आज दोघांचं अर्धं, आणि बाबांचा ७५वा वाढदिवस झाला की त्यांचं शून्य. त्याआधी एक काम करून घ्या: बाबांच्या आधारकार्डावरची जन्मतारीख तपासा. त्या पिढीतल्या अनेकांच्या कार्डावर १ जून किंवा १ जानेवारी असते, काहींचं सालच चुकलेलं असतं. कंडक्टर कार्डावरचं साल बघणार, शाळेचा दाखला नाही. दुरुस्ती करायची तर आत्ताच करा. कार्ड वरच्या खिशात ठेवा. गाडी सुटल्यावर वरच्या रॅकमधली बॅग काढायला उभं राहायला लागू नये. मोफत प्रवासातही कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. ते मागून घ्यायचं आणि उतरेपर्यंत जपायचं. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. बेळगाव किंवा पणजीला जाणार असाल तर हद्दीपुढचं तिकीट पडतं. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर त्याची सवलत वेगळी आहे. काचबिंदूने दृष्टी किती गेली त्याप्रमाणे बाबांना ते मिळू शकतं. नेत्रतज्ज्ञांना विचारा, लाजू नका. डायलिसिस किंवा कर्करोगाच्या रुग्णांसाठीही एसटीच्या सवलती आहेत. आगारात चौकशी केली की अर्ज कुठे द्यायचा ते सांगतात.

स्वारगेट–सातारा विनाथांबा गाड्या दिवसभर असतात, त्यामुळे इथे आरक्षणाची फार चिंता नाही, शनिवार-रविवार आणि सण सोडून. जागा मात्र निवडून घ्या. मागच्या चाकाच्या मागे अजिबात बसू नका. गतिरोधकावर शेवटची बाकं सर्वांत जास्त उसळतात. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाचा मणका तशा एका आपटण्याने दबतो, आणि मग तीन महिने अंथरुणात. हे पुस्तकातलं सांगत नाही, असे रुग्ण माझ्याकडे दर वर्षी येतात. आईंच्या वयाच्या बायकांमध्ये तर हे फारच. दोन चाकांच्या मधली, वाटेकडची सीट घ्या. मागेच जागा असेल तर ती गाडी सोडा. अर्ध्या तासाने दुसरी मिळेल.

आणि आता ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही तो. बाबा गावाला जाणं टाळतात त्यामागे लघवी असू शकते. प्रोस्टेट वाढलेलं, त्यात बीपीसाठी पाणी काढणारी गोळी. अडीच-तीन तास विनाथांबा गाडीत बसायच्या कल्पनेनेच माणूस 'नको, काय काम आहे तिकडे' म्हणतो. मुलीला तर तो हे कधीच सांगणार नाही. डॉक्टरांना विचारा की प्रवासाच्या दिवशी ती गोळी पोचल्यावर घेतली तर चालेल का. बहुतेक वेळा वेळ बदलून देतात. स्वतःच्या मनाने मात्र गोळी चुकवू नका. पाणी बंद करू नका, चक्कर येते. निघण्याआधी स्वारगेटला जाऊन यायचं, आणि विनाथांबाऐवजी वाटेत थांबणारी गाडी घ्यायची. वेळ जास्त लागला तरी चालेल. जो प्रवास बाबांना शांतपणे करता येतो तो त्यांचा. लवकर पोचण्याची घाई आपली असते.

साताऱ्याच्या स्टँडवरून गावापर्यंतचा शेवटचा टप्पा सर्वांत कठीण असतो. तुमच्या गावाला मुक्कामी गाडी आहे का ते बघा. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच राहते आणि सकाळी परत निघते. म्हाताऱ्या माणसांना तिच्याइतकी सोयीची गाडी नाही, कारण चालक-वाहक ओळखीचे होतात. पण २०२१-२२ च्या दीर्घ संपानंतर अनेक गावांच्या फेऱ्या विरळ झाल्या, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका, आदल्या दिवशी गावातल्या कुणाला तरी फोन करा. गाडी नसेल तर वडाप, म्हणजे सीटप्रमाणे पैसे घेऊन माणसं नेणारी खासगी जीप. वडापला मी सरसकट नको म्हणत नाही. निम्मा ग्रामीण महाराष्ट्र त्यावर चालतो. पण चालकाशेजारची पुढची सीट मिळाली तरच बसायचं, आणि तिच्यावर चौथा माणूस घेऊ नका असं सांगून गरज पडली तर दोन सीटचे पैसे द्यायचे. मागच्या आडव्या बाकावर, पायाशी पोतं आणि मांडीवर कुणाचं तरी पोर अशा अवस्थेत आपल्या वयस्कर माणसाला बसवू नये.

गावात एसटी यावी किंवा वस्तीजवळ थांबावी असं वाटत असेल तर तक्रार करत बसण्यापेक्षा अर्ज करा. ग्रामपंचायतीचा ठराव, ज्येष्ठांच्या सह्या, कोणत्या वेळेला किती माणसं जातात त्याची साधी यादी, हे आगार व्यवस्थापकांकडे द्या आणि प्रत विभाग नियंत्रकांना. वेळ नेमकी मागा. 'गाडी सुरू करावी' एवढंच लिहिलेला अर्ज पडून राहतो. 'मंगळवारी आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला एक आणि दुपारी दोनला परत एक' असं लिहिलं की कुणीतरी त्यावर विचार करतो.

रेल्वेबद्दल थोडक्यात, कारण तुम्हाला ती रोज लागणार नाही. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. तिची वाट पाहून प्रवास पुढे ढकलू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला. एक किंवा दोनच प्रवाशांचं तिकीट काढलं तरच तो लागू होतो. मुलं-नातवंडांसकट सगळे एका तिकिटावर घेतले की तो हातचा जातो. म्हणून बंगळूरला बोलवाल तेव्हा दोघांचं तिकीट वेगळं काढा. स्थानकावर चाकाची खुर्ची मिळते, स्टेशन मॅनेजरकडे किंवा १३९ वर आधी सांगून ठेवा. हे वाचणारे मुंबईकर असतील तर त्यांच्यासाठी: लोकलमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव जागा आहेत, पण दिव्यांगांच्या डब्यात केवळ वयावर चढता येत नाही, प्रमाणपत्र लागतं. बेस्टमध्ये ज्येष्ठांना पुढच्या दाराने चढता येतं, ते जरूर वापरा.

रिक्षा आणि कॅब. स्कूटरचं पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग यावर वर्षाला जो खर्च व्हायचा त्याचा हिशेब बाबांबरोबर मांडा, बाराने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या पाकिटात ठेवा. पाकिटावर लिहा 'रिक्षा'. ते पैसे आधीच खर्ची पडलेले आहेत असं एकदा मनात बसलं की रिक्षा 'उधळपट्टी' वाटत नाही. तुम्ही वरून ऑनलाइन पैसे पाठवून हे होणार नाही, ते त्यांना मुलीचे पैसे वाटतात. घराजवळच्या रिक्षास्टँडवरच्या दोघा-तिघांशी ओळख करून घ्या आणि त्यांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. रिक्षात शिरताना आधी पाय टाकून वाकू नका. पाठ करून सीटवर टेका आणि मग पाय आत घ्या. खुब्याला आणि कमरेला हेच बरं. कॅब तुम्ही बंगळूरहून बुक करणार असाल तर गाडीचा नंबर आणि ओटीपी फोनवर सांगून बाबांना कागदावर लिहायला लावा. ऐकलेले चार आकडे दाराशी आठवत नाहीत. दुचाकीवरची टॅक्सी मात्र नको, भाडं कितीही कमी असलं तरी. गोव्यातही सासऱ्यांना पायलटच्या, म्हणजे तिथल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसवू का म्हणून मला विचारलं जातं. माझं उत्तर तेच.

पावसाळ्यात छत्री आणि काठी एकाच वेळी धरता येत नाही, आणि रेनकोटच्या टोपीने काचबिंदूवाल्याची उरलेली बाजूची नजरही झाकली जाते. कडेची टोपी आणि बिनटोपीचा रेनकोट घ्या, तळाला खाचा असलेल्या चपला घ्या, आणि मुसळधार असेल त्या दिवशी घरीच राहा. सराव जून ते सप्टेंबरमध्ये सुरू करू नका.

विसराळूपणा सुरू झालेला असेल तर हे सगळं लागू होत नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, थांबा निघून गेल्यावर गोंधळणं असं एकदा जरी झालं तर एकट्याचा प्रवास थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर कुणीतरी बरोबर असावं, आणि खिशात नाव, पत्ता, घरचा नंबर असलेलं कार्ड असावं. ते कार्ड खरं तर सगळ्यांच्याच खिशात असावं. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, तीही त्यावर लिहा.

तुम्ही पुढच्या वेळी पुण्याला याल तेव्हा दोन दिवस यासाठीच ठेवा. गाडी भाड्याने घेऊ नका. पहिल्या दिवशी दुपारी तिघांनी मिळून स्वारगेट, मंडई, परत. दुसऱ्या दिवशी तोच प्रवास, पण तुम्ही वेगळ्या सीटवर, न बोलता. कुठे अडखळतात ते नुसतं बघा, मध्ये पडू नका, आणि घरी आल्यावर एकच गोष्ट सुचवा. 'बाबा, कशाला धक्के खाता, कॅब करा ना' हे वाक्य मात्र फोनवरसुद्धा पुन्हा म्हणू नका. ते आठवड्यातून दोनदा मंडईत जाऊ लागले की साताऱ्याचं तिकीट ते स्वतःच काढतील. तोवर तुम्ही आधारकार्डावरची तारीख आणि त्या पाण्याच्या गोळीचं डॉक्टरांना विचारून ठेवा.